बसच्या सांगाड्यातली पोलादी नळी

पुणे-बंगळुरू महामार्गाने बेळगाव मागे टाकून धारवाडकडे येताना एक दृश्य नेहमी दिसतं. बसची नुसती चासी धावत असते. छत नाही, काच नाही, बाजूला पत्रा नाही. इंजिन, सहा चाकं, दोन लांब तुळया आणि पुढे साध्या खुर्चीवर बसलेला ड्रायव्हर. वारा आणि धूळ थेट अंगावर येते, म्हणून तोंडाला मफलर आणि डोळ्यांना गॉगल. ही चासी बॉडी बांधायला निघालेली असते. काही आठवड्यांनी तिच्यावर चाळीसेक माणसं बसतील, रात्रीच्या प्रवासात खिडकीला डोकं टेकून झोपतील. त्या डोक्याच्या आणि रस्त्याच्या मध्ये तेव्हा काय असेल? बाहेरून दिसणारा रंगीत पत्रा जेमतेम मिलिमीटरभर जाडीचा असतो, तो फक्त वारा-पाऊस अडवतो. त्याच्या आत चौकोनी पोलादी नळ्यांचा पिंजरा असतो. बस उलटली तर माणसाचा जीव त्या पिंजऱ्याच्या भरवशावर असतो.

ही नळी कशी घडते, पोलाद जास्त ताकदीचं झालं की ते घडवणं अवघड का होतं, आणि ताकद एवढ्या एकाच गोष्टीवर भिस्त ठेवून का चालत नाही, हे सविस्तर सांगायचं आहे. आपण आसन निवडताना पुशबॅक सीट आणि एसी पाहतो. पिंजऱ्याबद्दल कुणी विचारत नाही, आणि मला तीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते.

धारवाड आणि बस

धारवाडच्या उत्तरेला, महामार्गालगत मुम्मिगट्टी आणि बेलूरची औद्योगिक वसाहत आहे. टाटा मोटर्सने ब्राझीलच्या मार्कोपोलो या बस बांधणाऱ्या कंपनीशी २००६ साली भागीदारी केली, ५१ आणि ४९ टक्क्यांची. त्यातून इथे बसबांधणीचा मोठा कारखाना उभा राहिला. डिसेंबर २०२० मध्ये मार्कोपोलोने आपला हिस्सा टाटांना विकायचं जाहीर केलं. आता त्या कंपनीचं नाव टाटा मोटर्स बॉडी सोल्युशन्स आहे. हुबळीत गोकुळ रोडवर वायव्य कर्नाटक रस्ते परिवहन महामंडळाचं मुख्यालय आहे. म्हणजे हुबळी-धारवाड या जोडशहरात बस बांधणारेही आहेत आणि बस चालवणारेही.

आपल्या एसटीचा इतिहासही याच अंगाने पाहण्यासारखा आहे. १ जून १९४८ रोजी पुण्याहून अहमदनगरला पहिली एसटी सुटली, तेव्हा हुबळी-धारवाडही मुंबई प्रांतातच होतं. त्या गाडीची बॉडी लाकडी होती आणि छत कापडी. पुढे कित्येक दशकं लाल एसटीवर ॲल्युमिनियमचा पत्रा राहिला. २०१७-१८ च्या सुमारास एसटी महामंडळाने पोलादी बॉडीच्या गाड्या बांधायला घेतल्या. दापोडी, चिकलठाणा आणि हिंगणा इथल्या कार्यशाळा हे काम वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. लाकूड, ॲल्युमिनियम, पोलाद या प्रवासामागे एक प्रश्न होता: गाडी उलटली तर आत काय शिल्लक राहतं?

नळीच का?

ज्यांनी गोठ्याचं छप्पर बांधलंय त्यांना हे सांगावं लागत नाही. कळकाचा बांबू आतून पोकळ असतो, तरी कौलांचा भार पेलतो. तेवढ्याच वजनाची भरीव काठी केली तर ती बोटभर जाड होईल आणि वाकेल. वाकताना सगळा ताण पडतो तो बाहेरच्या कडांवर. मध्यभागातला माल जवळजवळ फुकट बसलेला असतो. म्हणून मध्यातला माल काढून कडेला नेला की त्याच वजनात ताठपणा वाढतो.

आकड्यात पाहू. बसच्या खांबाला चालेल अशी ४० बाय ४० मिलिमीटरची, २ मिलिमीटर जाडीची चौकोनी नळी घ्या. तिच्या छेदात पोलाद आहे ३०४ चौरस मिलिमीटर, वजन मीटरला सुमारे २.४ किलो. एवढंच पोलाद भरीव चौकोनी सळईत ओतलं तर सळई होईल साडेसतरा मिलिमीटरची. वाकण्याला विरोध करण्यात नळी तिच्यापेक्षा सुमारे साडेनऊ पट ताठ आहे. वजन तेच, पैसे जवळपास तेच.

पण कळकाला पेरं असतात हेही विसरू नये. पेर नसेल तर बांबू दाबल्यावर चपटा होऊन फाटेल. पातळ भिंतीच्या नळीचं हेच होतं. तिची ताकद तिचा छेद चौकोनी राहतो तोवरच. कुठे पोचा आला, भिंत आत दबली, की साडेनऊ पटीचा हिशेब तिथेच संपतो. पुढचं सगळं काम याच एका भीतीभोवती फिरतं.

पत्र्यापासून नळी

नळी ओतत नाहीत, वळतात. पोलादाची मोठी कॉईल कापून तिच्या अरुंद पट्ट्या करतात. पट्टी एकामागे एक लावलेल्या रोलरच्या जोड्यांमधून जाते. प्रत्येक जोडी तिला थोडी थोडी वळवते, आणि शेवटी दोन्ही कडा समोरासमोर येतात. तिथे उच्च वारंवारतेचा विद्युतप्रवाह सोडतात. असा प्रवाह धातूच्या पृष्ठभागालगत आणि कडेकडेने वाहतो, त्यामुळे फक्त कडा लालभडक होतात. लगेच दाबाचे रोलर त्या एकमेकींवर आवळतात आणि सांधा जुळतो. वरून वेगळा धातू घालत नाहीत, वेल्डिंगची सळई नाही. सांध्यातून बाहेर आलेला मळ एक पातं तासून टाकतं. मग गोल नळी चौकोनी करायचे रोलर, आणि शेवटी कापणी.

कापलेल्या नळीत बोट घालून पाहा. बाहेरून सांधा दिसत नाही, पण आत एक बारीक उंचवटा लागतो, नळीभर सरळ गेलेला. तो सांध्याचा आतला मळ. अनेक नळ्यांत तो तसाच ठेवतात. सांधा कसा जुळला ते पाहायला नळीचा तुकडा चेपून चपटा करतात, सांधा कधी वर तर कधी बाजूला ठेवून. दुसरी पद्धत म्हणजे टोकात शंकू ठोकून तोंड पसरवणं. सांधा फुटला तर तो माल बाद.

मालाची ताकद मेगापास्कलमध्ये मोजतात. एका चौरस मिलिमीटरवर सुमारे दहा किलोचा भार म्हणजे शंभर मेगापास्कल. भारतीय मानक ४९२३ मध्ये अशा नळ्यांच्या प्रती दिलेल्या आहेत: २१०, २४०, ३१० वगैरे. हा आकडा सांगतो की किती ताणापर्यंत पोलाद सोडल्यावर परत सरळ होईल. त्यापलीकडे गेलं की कायमचं वाकलं. कारखान्यात याला यील्ड म्हणतात. मोटारींसाठी आता पाचशे, सातशे, हजार मेगापास्कलचं पोलादही मिळतं.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जास्त ताकदीचं पोलाद जास्त ताठ नसतं. साधं असो वा भारी, थोड्या भाराखाली दोन्ही सारखीच वाकतात. फरक पडतो तो नंतर: साधं पोलाद लवकर हार मानतं, भारी पोलाद उशिरा. म्हणून ‘भारी स्टील घेतलं, आता जाडी निम्मी करू’ हा हिशेब फसतो. भिंत पातळ झाली की ती ताकद दाखवायच्या आधीच आत दबते.

वाकवायचं म्हटलं की

छताची कमान सरळ नळीने होत नाही. नळी वाकवताना तीन गोष्टी बिघडतात. बाहेरची बाजू ताणली जाऊन पातळ होते, आतली बाजू दाबली जाऊन तिला सुरकुत्या पडतात, आणि छेद चपटा होतो. जुने मिस्त्री यावर सोपा उपाय करत. नळीत कोरडी वाळू ठासून भरायची, दोन्ही टोकांना लाकडी खुंट्या ठोकायच्या, तापवायचं आणि वाकवायचं. वाळू भिंतीला आतून धरते. यंत्रात वाळूऐवजी मँड्रेल असतो: नळीच्या आत सरकणारा, साखळीसारखा जोडलेला गोळ्यांचा दांडा.

भारी पोलादात चौथी अडचण येते, ती म्हणजे परत उसळणं. वाकवून सोडलं की प्रत्येक धातू थोडा मागे येतो. किती, ते यील्डवर ठरतं. २४० मेगापास्कलच्या पोलादाच्या मानाने ७०० मेगापास्कलचं पोलाद जवळपास तिप्पट उसळतं. म्हणजे नव्वद अंशांचा कोन हवा असेल तर मुद्दाम जास्त वाकवावं लागतं. शिवाय आजच्या कॉईलची ताकद कालच्यापेक्षा थोडी वेगळी असली तर आजचा कोन वेगळा येतो. कमानीचा कोन चुकला की जोडणीच्या वेळी फट राहते, ती फट कामगार वेल्डिंगने भरतो, आणि तिथे कमजोरी कायमची बसते. कारखान्यात मालाच्या एकसारखेपणावर एवढा जोर का देतात, ते यावरून कळेल.

पाण्याच्या दाबाने

मोटारींचे काही भाग असे असतात की नळीची जाडी-रुंदी तिच्या लांबीत जागोजागी बदलायला हवी. त्यासाठी नळी दोन भागांच्या साच्यात ठेवतात, टोकं घट्ट बंद करतात, आत पाणी भरून दाब देतात आणि त्याच वेळी टोकांकडून नळी आत ढकलतात, म्हणजे फुगताना भिंत पातळ पडत नाही. नळी साच्याच्या भिंतीला चिकटेपर्यंत फुगते. बसच्या टायरमध्ये सात-आठ बार दाब असतो. इथे हजार बार आणि त्याच्या वर जातो. चार तुकडे जोडण्याऐवजी एकच अखंड भाग निघतो, हा मोठा फायदा. यंत्र मात्र महाग. बसच्या सरळसोट खांबांना त्याची गरज पडत नाही.

पाणी देणं

लोहार विळा घडवतो तेव्हा शेवटी त्याला पाणी देतो. लाल झालेलं पातं पाण्यात बुडवलं की चर्र आवाज येतो आणि धार कडक होते. मोटारीच्या दारात, बाजूची धडक अडवायला जी आडवी नळी किंवा पट्टी बसवतात, तिच्या सर्वांत भारी प्रकारामागे हेच जुनं ज्ञान आहे. फक्त ते मोजून-मापून केलेलं आहे.

त्या पोलादात कार्बन सुमारे ०.२२ टक्के, मँगनीज सव्वा टक्क्याच्या आसपास आणि बोरॉन अगदी चिमूटभर: टनामागे तीसेक ग्रॅम. तो चिमूटभर बोरॉन नसेल तर पोलाद मधल्या वेगाने थंड होताना मऊ पडतं. तो असला की ते कडक व्हायला तयार राहतं. ९०० अंशांच्या वर तापवल्यावर पोलादाच्या आतली रचना बदलते, ते लवचीक होतं आणि हवा तो आकार सहज घेतं. मग आतून पाणी फिरवून थंड ठेवलेल्या साच्यातच ते दाबून धरतात. सेकंदाला किमान सत्तावीस-तीस अंशांनी ते निवलं पाहिजे. तसं झालं की आत मार्टेन्साइट नावाची कडक रचना तयार होते आणि ताकद पोचते १५०० मेगापास्कलपर्यंत. म्हणजे चौरस मिलिमीटरवर दीडशे किलो. आकार गरम असतानाच घेतला आणि साच्यातच निवला, म्हणून उसळण्याचा प्रश्नही बहुतेक मिटतो.

ही पद्धत स्वीडनमध्ये सत्तरच्या दशकात रुजली. १९८४ साली साब कंपनीने आपल्या ९००० या मोटारीत असे भाग वापरले, आणि मोटारीत ते वापरणारी ती पहिली कंपनी मानली जाते.

पाणी जास्त बसलेला विळा दगडावर आपटला तर तुकडा उडतो. तीच भीती इथेही आहे. कडकपणाबरोबर ठिसूळपणा येतो, आणि इतक्या कडक पोलादात हायड्रोजन शिरला तर काही दिवसांनी, भार नसतानाही तडा जाऊ शकतो. म्हणून १५०० मेगापास्कलची नळी सगळीकडे वापरायची नसते. जिथे अजिबात आत यायचं नाही तिथेच ती हवी.

भाता

हुबळीत गोकुळ रोडच्या औद्योगिक वसाहतीत एका छोट्या कारखान्यात मी नळी दाबून घेतली. ४० बाय ४० ची, दीडशे मिलिमीटर लांबीची, भंगारातून निवडलेली. मिस्त्रींनी ती हायड्रॉलिक प्रेसखाली उभी केली, मला दोन पावलं मागे सरकवलं आणि हँडल मारायला सुरुवात केली. काटा चढत गेला. दहा टनांच्या जवळ आला आणि नळीला काहीच झालेलं नव्हतं. मग खटकन आवाज आला, वरच्या टोकाला दोन भिंती बाहेर फुगल्या, दोन आत गेल्या, आणि काटा निम्म्याच्याही खाली आला. त्यानंतर मात्र तो तिथेच थोडा वर, थोडा खाली होत राहिला. एक घडी पुरी झाली की दुसरी सुरू. शेवटी हातात आली ती चार घड्यांची, पेटीच्या भात्यासारखी चेपलेली नळी. रंग सुटला होता आणि ती हाताला चांगलीच गरम लागत होती.

ती ऊब महत्त्वाची. धडकेची ऊर्जा कुठे तरी गेली पाहिजे. ती पोलादाच्या घड्या पाडण्यात खर्च झाली आणि उष्णता झाली. माणसाच्या हाडांपर्यंत पोचली नाही.

दुसरा तुकडा घेताना मिस्त्रींनी वरच्या टोकाजवळ करवतीने दोन कोपऱ्यांवर छोट्या खाचा केल्या. म्हणाले, “सर, आता बघा, ही आधीच ऐकंल.” खरंच, काटा आधीच्या इतका चढलाच नाही आणि पहिली घडी बरोबर खाचेपाशी पडली. मोटारीच्या पुढच्या भागातल्या नळ्यांना अशाच खाचा किंवा दाबे मुद्दाम दिलेले असतात. पहिला झटका कमी व्हावा आणि घड्या पुढून मागे, क्रमाने पडाव्यात म्हणून.

हिशेब असा. बाराशे किलोची मोटार ताशी ५६ किलोमीटरने धडकली तर तिच्यात सुमारे १ लाख ४५ हजार ज्यूल ऊर्जा असते. भारतात मोटारींची समोरच्या धडकेची सक्तीची चाचणी याच वेगाने होते, आणि २०२३ मध्ये सुरू झालेल्या भारत एनकॅप या ऐच्छिक चाचणीत ६४ ने. माझ्या नळीच्या तुकड्याने गिळले असतील चारेक हजार ज्यूल. म्हणजे लांब, जाड आणि नीट घड्या पडणाऱ्या अनेक भागांनी मिळून ते काम करायचं असतं. वेग ५० वरून ६४ केला की ऊर्जा दीडपटीहून जास्त होते, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते.

आणि इथेच भारी पोलादाचा खरा उपयोग कळतो. मोटारीच्या पुढच्या भागाने भाता व्हायचं. माणसं बसतात त्या भागाने खांब व्हायचं. भात्याच्या जागी फार कडक पोलाद लावलं तर ते घड्या न पडता फाटतं किंवा झटका सरळ मागे पाठवतं. खांबाच्या जागी मऊ लावलं तर दार मांडीवर येतं.

बस उलटते तेव्हा

बसची गोष्ट वेगळी आहे, कारण तिचं मोठं संकट उलटण्याचं आहे. बस उंच, गुरुत्वमध्य वर, काचा मोठ्या आणि माणसं पुष्कळ. युरोपने ऐंशीच्या दशकात यासाठी नियम केला, संयुक्त राष्ट्रांचा ६६ क्रमांकाचा. आपल्याकडचं एआयएस-०३१ हे मानक त्याच धाटणीचं आहे, आणि बसबांधणीची एकूण संहिता आहे एआयएस-०५२. पुण्यातल्या दोन संस्था या कामात जुन्या आहेत: १९६६ ची एआरएआय आणि भोसरीची सीआयआरटी.

चाचणी साधी आहे आणि पाहायला भयंकर. बस एका फळीवर उभी करतात. फळी कलती होत जाते, अगदी सावकाश. एका क्षणी बस स्वतःच्या वजनाने तोल सोडते आणि ८०० मिलिमीटर खालच्या काँक्रीटवर कुशीवर पडते. छताची कड आधी आपटते. मग खिडक्यांचे खांब कलतात, चौकोनाचा समांतरभुज चौकोन होतो. प्रश्न एकच: तो किती कलला?

आत प्रत्येक प्रवाशासाठी जिवाची जागा आखलेली असते. पायाखालच्या तळापासून ५०० मिलिमीटर उंचीवर, बाजूच्या भिंतीपासून १५० मिलिमीटर आत ती सुरू होते, आणि वर डोक्यापर्यंत जाताना आणखी आत झुकते. खांब, छत किंवा सामानाचा कप्पा या जागेत शिरता कामा नये, आणि ती जागा बाहेरही डोकावता कामा नये. बस्स. गाडी भंगारात गेली तरी चालेल, ती जागा राहिली पाहिजे.

दहा टनांच्या बसचा गुरुत्वमध्य पडताना एक मीटर खाली आला असं धरलं तर ९८ हजार ज्यूल ऊर्जा होते. त्याच्या पाऊणपट ऊर्जा सांगाड्याने गिळली पाहिजे, असं नियमाच्या हिशेबात धरतात. ती गिळायची कशी? इथे नळी भात्यासारखी चेपली जात नाही, ती वाकते. आणि वाकते ती ठरावीक ठिकाणी: खिडकीच्या खालच्या कडेला आणि खांब छताला मिळतो तिथे. त्या जागा बिजागरीसारख्या फिरतात. बिजागरी जेवढी जास्त भार धरून फिरेल तेवढी ऊर्जा खाईल. भिंत दबली की ती सैल पडते.

म्हणून चांगला आराखडा बांगड्यांसारखा असतो. तळाची आडवी नळी, तिच्याच रेषेत दोन्ही बाजूंचे खांब, त्यांच्याच रेषेत छताची कमान, अशी एक पुरी बांगडी. अशा बांगड्या एकामागे एक. खांब इथे आणि कमान चार बोटं पुढे अशी जोडणी केली की बांगडी तुटली, भार आडव्या पट्टीला पिळत जातो. दारापाशी बांगडी तुटतेच, म्हणून दाराच्या दोन्ही बाजूंना जास्त ताकद द्यावी लागते.

या हिशेबात एक गोष्ट मला फार खटकते. टपावर कॅरिअर, त्यावर पोती, मोटारसायकल आणि लग्नाचं सामान. वजन वर गेलं की बस लवकर उलटते आणि जास्त जोराने आपटते. सांगाड्याचा हिशेब त्या वजनाचा नसतोच.

सांध्याची गोष्ट

नळी कितीही चांगली असो, पिंजरा सांध्यांवर उभा असतो. बसच्या सांगाड्यात शेकडो वेल्ड असतात. पातळ भिंतीला जास्त उष्णता दिली तर भोक पडतं किंवा भिंत पातळ होते. कमी दिली तर वेल्ड वर बसतो, आत शिरत नाही. दिसायला दोन्ही सारखेच, आणि रंग लागला की दिसणंही बंद.

पाणी दिलेल्या पोलादाला वेल्डिंग करताना आणखी एक संकट आहे. वेल्डच्या शेजारचा पट्टा पुन्हा तापतो आणि दिलेलं पाणी उतरतं. १५०० मेगापास्कलच्या नळीत तो पट्टा बराच मऊ पडतो. मग वाकताना सगळं वाकणं तिथेच गोळा होतं. म्हणून भारी पोलाद घेतलं की सांधा कुठे ठेवायचा, उष्णता किती द्यायची, हे आधी ठरवावं लागतं. गल्लीतल्या गॅरेजमध्ये अपघाताची मोटार सरळ करताना गॅसने लाल करून ठोकतात. साध्या पोलादात ते खपतं. दाराच्या खांबात भारी पोलाद असेल तर त्या दिवसापासून त्या खांबाची ताकद गेली.

गंज हाही शत्रू आहे, आणि तो आतून येतो. घाटातला पाऊस, कोकणातली खारी हवा, नळीत शिरलेलं पाणी आणि ते बाहेर जायला भोक नाही. दोन मिलिमीटरच्या भिंतीचा अर्धा मिलिमीटर गंजाने खाल्ला तर पाव भाग माल गेला, आणि भिंत दबण्याची भीती त्याहून वाढली. मोठे कारखाने सांगाडा रंगाच्या टाकीत बुडवून विजेच्या प्रवाहाने आतपर्यंत लेप देतात. लहान बॉडी बिल्डरनाही पाणी निघायला भोकं ठेवणं आणि आत गंजरोधक फवारणं परवडतं. ते करायला हवं.

या रस्त्यावर

हुबळी-धारवाडचा बायपास वर्षानुवर्षं दोनपदरी, मध्ये दुभाजक नसलेला होता, आणि त्याने खूप माणसं घेतली. १५ जानेवारी २०२१ रोजी दावणगेरेहून गोव्याला निघालेल्या मैत्रिणींची मिनीबस इटिगट्टीजवळ टिपरला धडकली, दहाहून अधिक जीव गेले. २४ मे २०२२ रोजी मध्यरात्रीनंतर कोल्हापूरहून बंगळुरूला निघालेली खासगी बस तारिहाळजवळ लॉरीला धडकली. त्यात गेलेल्यांच्या घरी अजून कुणाचं लक्ष जेवणात लागत नसेल. लॉरीशी समोरासमोर धडक झाली तर कुठलीही नळी सगळ्यांना वाचवू शकत नाही, हे स्पष्ट म्हटलं पाहिजे. तिथे रस्ता रुंद करणं, मध्ये दुभाजक घालणं हाच खरा उपाय, आणि सहापदरीकरणाचं काम त्यासाठीच हाती घेतलं गेलं.

पिंजरा टिकला तरी बाहेर पडता आलं पाहिजे, हेही तितकंच खरं. १ जुलै २०२३ रोजी समृद्धी महामार्गावर सिंदखेडराजाजवळ पिंपळखुट्याला खासगी बस उलटली, तिने पेट घेतला आणि २५ प्रवासी गेले. गाडी दाराच्या बाजूवर पडली होती. छताची झडप, मागची संकटकालीन वाट, काच फोडायची हातोडी या गोष्टी सांगाड्याइतक्याच जिवाच्या आहेत.

बस घेणाऱ्यांनो, बसणाऱ्यांनो

शाळेची समिती असो, सहकारी संस्था असो वा ट्रॅव्हल्सचा मालक, बस घेताना बॉडी बिल्डरकडे एआयएस-०५२ ची मान्यता आणि उलटण्याच्या चाचणीचं, म्हणजे एआयएस-०३१ चं प्रमाणपत्र मागा. नुसतं ‘हेवी पाइप लावलाय’ हे उत्तर मान्य करू नका. नळीची प्रत आणि जाडी लेखी घ्या. नंतर जास्तीचं दार करायला किंवा मोठी काच बसवायला खांब कापू नका. टपावर कॅरिअर लावू नका. पाच-सहा पावसाळे झाले की एकदा खालचा पत्रा काढून खांबांची मुळं पाहून घ्या, कारण गंज तिथून सुरू होतो.

आणि प्रवाशांना एकच सांगणं. संयुक्त राष्ट्रांच्या त्या नियमात, पट्टे असलेल्या बसची चाचणी घेताना प्रवाशांच्या वजनाचा अर्धा भाग सांगाड्यावर लादतात, कारण पट्टा बांधलेला माणूस बसबरोबरच पडतो. पट्टा न बांधलेला माणूस आतल्या आत फेकला जातो, आणि त्याच्यासाठी राखलेल्या जागेत तो उरतच नाही. सीटला पट्टा असेल तर बसल्या बसल्या तो लावा, रात्री झोपतानाही.